पंडिता रमाबाई आणि लोणावळ्याची छावणी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांतील आईबापांपुढे एक प्रश्न उभा राहतो. पाळकसाहेब शिबिराचे पत्रक घेऊन घरी येतात. मुलगी दहा-बारा वर्षांची, आजवर एक रात्रही घराबाहेर निजलेली नाही. तिला आठ दिवस परक्यांच्या हाती सोपवावी काय? आम्हांस या विषयावर उपदेश करावयाचा नाही. ज्यांच्या हाती दुसऱ्यांच्या मुली होत्या, आणि ज्यांस आपली मुलगीही दूर ठेवावी लागली, अशा एका बाईंचे चरित्र मात्र या दृष्टीने पुन्हा एकदा वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुराणे सांगत वर्षानुवर्षे देशभर हिंडले. धर्मशाळा, देवळाचा ओटा, झाडाची सावली, हेच रमाबाईंचे बालपणीचे घर. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईबाप दोघेही गेले. त्यानंतर भावाबरोबर त्या पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये विवाह, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म, १८८२ मध्ये वैधव्य. इतके सारे त्यांचे वय चोविसाचे होण्यापूर्वीच घडले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबर रोजी आई व मुलगी या दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या, आणि लहानग्या मनोरमेस वाँटेजच्या भगिनींपाशी ठेवावे लागले. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हा पाच वर्षांचीही न झालेल्या मनोरमेस त्यांनी ऐन हिवाळ्यात बरोबर नेले. परंतु गावोगाव व्याख्याने देत फिरणाऱ्या आईबरोबर एवढ्याशा मुलीचा निभाव कसा लागावा? त्याच वर्षी तिला परत इंग्लंडला पाठविणे भाग पडले. मध्ये सारा अटलांटिक महासागर, आणि भेट काय ती पत्रांतून. जिने स्वतः आईबापांचे छत्र अकाली गमावले, तिला हे पाठविणे सोपे गेले असेल असे आम्हांस वाटत नाही. पुढे मायलेकी हिंदुस्थानात पुन्हा एकत्र आल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. येथे उच्चवर्णीय बालविधवा शिकत. कोणाच्याही धर्मात हात घालावयाचा नाही, असे वचन दिलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेस बसत, तेव्हा दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

आमच्या लोकांत या पालकांविषयी कठोर बोलण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. आपले लेकरू परक्या छपराखाली कोणाचे होऊन परत येईल, ही भीती कोणत्या आईबापास नसते? आज आपली मुलगी शिबिरास पाठविताना आपल्याही पोटात तेच कालवते. पण रमाबाईंचे दारही आम्हांस समजते. ज्या प्रभूच्या आधाराने त्या उभ्या होत्या, त्याच्याशी बोलताना कडी लावून बसणे त्यांस लपवाछपवी वाटली असती. या दोन गोष्टींचा मेळ त्या वेळी बसला नाही, एवढेच खरे.

वादळ शमले, सदन टिकले, आणि १८९५ च्या अखेरीस काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. घाटमाथ्यावर लोणावळ्यास त्या काळी उन्हाळ्यात ख्रिस्ती लोकांची छावणी भरत असे. लोक तेथे राहून काही दिवस प्रार्थना व वचनश्रवण करीत. १८९६ च्या उन्हाळ्यात रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींस घेऊन तेथे गेल्या. मुलींस कोणाबरोबर धाडून त्या स्वतः पुण्यास राहिल्या नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या. या पंधरा मुलींबद्दल मन आनंदाने भरून आले होते. तेव्हा त्यांनी देवाजवळ असे मागितले की, पुढील छावणीपर्यंत पंधराच्या पंधरापट, म्हणजे २२५, मुली मला दे. सदनात त्या वेळी शंभरसुद्धा मुली नव्हत्या आणि जागा तर त्याहून अपुरी. हिशेबी मनुष्याने हसावे अशीच ही मागणी होती.

त्याच वर्षी मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. लहानपणी स्वतः भुकेने व्याकूळ झालेल्या रमाबाई तिकडे गेल्या, आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींस गाड्यांत घालून घेऊन आल्या. इतक्यात पुण्यात प्लेग आला आणि शहरात एवढ्या मुली ठेवण्यास सरकारची मनाई झाली. केडगावास पूर्वी शेतीसाठी जमीन घेतलेली होती. तेथेच गवताच्या झोपड्या घालून मुलींस उतरविले. आठ दिवसांची छावणी कोठे, आणि ऊन-पावसात महिनोन्‌महिने चाललेला हा संसार कोठे! वर्ष फिरले तोच मुलींची संख्या २२५ च्या पुढे गेली होती. १८९७ च्या अखेरीस शंभरांहून अधिक मुलींचा भीमा नदीत बाप्तिस्मा झाला. या झोपड्यांच्या जागी उभे राहिले तेच मुक्तिसदन.

मनोरमेस शिक्षणासाठी पुन्हा एकदा समुद्रापार पाठवावे लागले. १९०० मध्ये ती अमेरिकेहून परतली आणि आईच्या कामाचा उजवा हात बनली. तिच्याच हाती मुक्तीचा कारभार सोपवावा, अशी रमाबाईंची इच्छा होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळीस वर्षांची असता प्रभूकडे गेली. आई त्यानंतर नऊ महिनेही राहिली नाही. मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचे वर्षानुवर्षांचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावीच देह ठेवला.