विश्लेषण : खेळण्यातल्या रेल्वेला तीन रूळ का? कोण होते जोशुआ लायोनेल कोवेन?

अमेरिकेतील ‘लायोनेल’ कंपनीच्या जुन्या खेळण्यातल्या रेल्वेचा ट्रॅक नीट पाहिला, तर दोन नव्हे, तीन रूळ दिसतात. खऱ्या गाडीसारखी दिसावी म्हणून केलेल्या खेळण्यात ही विसंगती का? याचे उत्तर कंपनीचे संस्थापक जोशुआ लायोनेल कोवेन यांच्या वाटचालीत आणि रुळांच्या वायरिंगमध्ये आहे.

खेळणे कसे जन्मले?

कोवेन यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव कोहेन. कॉलेज अर्धवट सोडून ते विजेच्या उपकरणांकडे वळले. अमेरिकी नौदलाला सुरुंगांचे फ्यूज पुरवून भांडवल जमले आणि १९०० मध्ये त्यांनी कंपनी काढली. पहिली गाडी म्हणजे मोटर बसवलेला, बॅटरीवर धावणारा उघडा लाकडी डबा. दुकानाच्या काचेआड माल ठेवून फिरवण्यासाठी तो होता. ग्राहकांनी मालाऐवजी गाडीच मागितली आणि धंद्याची दिशा ठरली.

तिसरा रूळ कशासाठी?

मोटरला वीज जायला एक आणि परतायला एक, असे दोन मार्ग लागतात. दोनच रूळ असतील तर एक रूळ धन, दुसरा ऋण. मग चाके एकमेकांपासून इन्सुलेट करावी लागतात. ट्रॅक वळून स्वतःलाच मिळाला, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते.

कोवेन यांनी १९०६ मध्ये तीन रुळांचा ट्रॅक बाजारात आणला. मधल्या रुळातून वीज येते, बाहेरच्या दोन्हींतून परत जाते. ट्रॅक कसाही वळवा, मधला रूळ मधल्यालाच मिळतो. वायरिंग न कळणारे मूलही तो जोडू शकत होते.

गाडी उलटी कशी धावे?

पुढे घरोघरी वीज आली आणि ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे एसीवर चालणाऱ्या गाड्या आल्या. पण या मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली तरी ती त्याच दिशेने फिरते. त्यावर उपाय ठरले ‘ई-युनिट’. यात विद्युतचुंबक एक छोटा ड्रम फिरवतो. वीज क्षणभर तोडून पुन्हा दिली, की ड्रम एक घर पुढे सरकतो : पुढे, थांबा, मागे, थांबा.

१९३५ मध्ये शिट्टी आली. बटण दाबले की रुळांतील एसीमध्ये थोडा डीसी मिसळे. इंजिनामागच्या टेंडरमधील रिले तेवढाच ओळखे आणि धावत्या गाडीची शिट्टी वाजे. त्यासाठी वेगळी तार लागत नसे.

काळाच्या पुढची चाल

दुसऱ्या महायुद्धात खेळणी बंद झाली आणि कारखान्यात नौदलासाठी दिशादर्शक उपकरणे तयार झाली. युद्ध संपताच, १९४६ मध्ये लायोनेलने ‘इलेक्ट्रॉनिक कंट्रोल’ संच आणला. रुळांतून रेडिओ फ्रिक्वेन्सीचे संकेत जात. प्रत्येक डब्यातील रिसीव्हर आपलाच संकेत ओळखे. त्यामुळे हवा तोच डबा सुटा करता येई. पण संच महाग आणि गुंतागुंतीचा होता. काही वर्षांतच तो बंद पडला.

शेवट आणि वारसा

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लायोनेल भरात होती. मग अमेरिकी प्रवासी मोटार आणि विमानाकडे वळले, आणि मुलांचे रेल्वेचे वेडही ओसरले. १९५९ मध्ये कोवेन यांनी आपला हिस्सा नात्यातील वकील रॉय कोहन यांच्या गटाला विकला. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

आज मॉडेल रेल्वेत ‘डीसीसी’ ही डिजिटल पद्धत सर्रास वापरली जाते. रुळांतून वीज आणि हुकूम एकत्र जातात. इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलतो. तंत्र वेगळे, पण १९४६ मध्ये न खपलेल्या त्या संचाचे कामही नेमके हेच होते. कोवेन यांचा तीन रुळांचा ट्रॅक मुलाला सहज जोडता येई, म्हणून तो टिकला. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलला मात्र स्वस्त चिप येईपर्यंत थांबावे लागले.