डॉ. कॅरे यांच्या बागेतील डेझी

डॉ. विल्यम कॅरे यांचे नाव आपल्या मंडळ्यांत पवित्र शास्त्राचे भाषांतरकार म्हणून सर्वांस परिचित आहे. मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी 1805 साली छापले, मोडी लिपीतील मराठी कोश 1810 साली व मराठी नवा करार 1811 साली. हे सर्व महाराष्ट्रात नव्हे, तर दूर बंगालमध्ये, हुगळीकाठच्या सेरामपूर गावी, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने झाले. परंतु या कामातून मिळणारे निवांत क्षण डॉ. कॅरे कोठे घालवीत, हे थोड्यांनाच माहीत असते. ते घालवीत आपल्या बागेत, नव्याने उगवलेली रोपे पाहण्यात. वसंताच्या या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात आणि कुंड्यांत बी रुजत आहे. म्हणून त्या बागेची हकीकत येथे सांगत आहोत.

कॅरे यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे शिक्षक. पीटर नावाचे एक चुलते माळीकाम करीत. त्यांच्यामुळे मुलाला झाडांचा नाद लागला. त्याची खोली किड्यांनी व पानाफुलांनी भरलेली असे. शेतावर काम करून पोट भरावे, असा प्रथम विचार होता. पण उन्हाने हातातोंडाच्या कातडीला फार त्रास होई. तेव्हा त्याला चांभाराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवले. ज्याला इंग्लंडचे कोवळे ऊन सोसवत नव्हते, तोच पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे राहिला आणि तेथे त्याने बाग केली.

नोव्हेंबर 1793 मध्ये कॅरे सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. पुढील वर्षी मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर त्यांना काम मिळाले. तेथेच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने वारला. पत्नी डॉरथीबाईंचे मन त्यानंतर ढळले, ते 1807 साली त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. नवऱ्याच्या सेवेची किंमत त्या बाईने भरली, हे आपण विसरू नये. प्रचाराच्या कामालाही फळ नव्हते. कृष्ण पाल या पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा व्हायला डिसेंबर 1800 उजाडला. म्हणजे सात वर्षे गेली. अशा त्या दिवसांत कॅरे इंग्लंडला पत्र लिहून काय मागवीत होते? दरवर्षी फुलांचे, भाज्यांचे व फळझाडांचे बी, आणि शेतीची अवजारे.

1800 च्या जानेवारीत ते सेरामपूरला आले. तेथे सुमारे पाच एकरांवर त्यांनी बाग लावली. वाफे शास्त्रीय वर्गवारीप्रमाणे आखलेले होते. एका जातीचे सगेसोयरे एकत्र असावेत, म्हणजे पाहणाऱ्याला त्यांचे नाते समजावे. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. रॉक्सबर्ग यांनी तयार केलेली हिंदुस्थानातील वनस्पतींची पुस्तके कॅरे यांनी संपादून सेरामपूरला छापली. रॉक्सबर्ग यांनीही एका वृक्षकुळाला कॅरे यांचे नाव दिले. तो वृक्ष म्हणजे आपला कुंभा. बेळगाव आणि गोव्याच्या रानात मार्च-एप्रिलच्या सुमारास तो फुलतो. शास्त्रात त्याचे नाव आहे ‘कॅरेया आर्बोरिया’.

आता मुख्य गोष्ट. हिंदुस्थानात येऊन पाव शतक उलटल्यावर एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर तळाशी थोडी माती राहिली. दुसऱ्या कोणी ती केरात टाकली असती. कॅरे यांनी ती बागेतील एका सावलीच्या जागी झटकून टाकली. थोड्या दिवसांनी तेथे गेले तो एक चिमुकले रोप वर आलेले! ते रोप डेझीचे होते. डेझी म्हणजे इंग्लंडच्या कुरणांत पायदळी तुडवले जाणारे साधे फूल. ते कोणी पाठवले नव्हते, की मागवले नव्हते. जवळजवळ तीस वर्षांत कॅरे यांनी ते पाहिले नव्हते आणि पुन्हा दिसेल अशी आशाही नव्हती. मायदेश सोडल्यापासून इतका निर्मळ आनंद क्वचितच झाला असेल, अशा अर्थाचे त्यांनी इंग्लंडमधील एका माळी मित्राला कळवले. ती हकीकत वाचून जेम्स मॉन्टगोमेरी या कवीने त्या फुलावर कविता लिहिली.

कवितेपेक्षा त्या फुलाची पुढची माहिती आम्हांला अधिक मोलाची वाटते. डेझीच्या शास्त्रीय नावातच बहुवर्षायु असा अर्थ आहे. स्वतःच्या मुलखात तिची निगा कोणी राखत नाही; मुळे जमिनीत राहतात आणि ती वर्षानुवर्षे आपोआप फुलते. बंगालमध्ये मात्र तसे होईना. झाड एका वर्षाच्या वर टिकत नसे. तेव्हा कॅरे दरसाल त्याचे बी जपून ठेवत आणि पुन्हा पेरत. जे स्वदेशी आपोआप होते, ते परमुलखात दरवर्षी हाताने करावे लागले.

बागेवर संकटेही आली. 1823 च्या ऑक्टोबरात होडीतून उतरताना कॅरे पडले व त्यांच्या मांडीच्या सांध्याला जबर दुखापत झाली. पुढे कित्येक महिने कुबड्यांच्या आधाराने चालावे लागले. त्याच दिवसांत महापूर येऊन बाग बुडाली आणि वर्षानुवर्षे जमवलेली झाडे गेली. त्या वेळी त्यांचे वय 62 होते. त्यांनी मित्रांना पत्रे लिहून रोपे व बी मागवले आणि वाफे पुन्हा धरले. अखेरच्या आजारात चालवेना, तेव्हा ते खुर्चीवर बसून बागेत नेववून घेत. आपल्यामागे मार्शमनबंधू येथे गाई सोडतील, अशी चिंता त्यांनी एकदा बोलून दाखवली. मार्शमन यांनी बाग जपण्याचे वचन दिले. 9 जून 1834 रोजी कॅरे प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी माणसे आहोत. पुण्या-नगरला मूल रस्त्यावर खेळता खेळता मराठी शिकते. आपल्याकडे शेजार दुसऱ्या भाषेचा, शाळा तिसऱ्या भाषेची. मुलांना मराठी शास्त्र वाचता येत नाही, म्हणून आपण हळहळतो. आजोबांना येत होते, मग नातवाला का येऊ नये, असे विचारतो. भाषा जुन्या मुळांवर आपोआप फुटेल, असे आपण धरून चालतो. विश्वासाविषयीही आपली समजूत अशीच असते. ज्या मनुष्याने परमुलखात बसून आपल्या भाषेचा कोश केला, त्याची डेझी येथे आठवावी. गेल्या वर्षीचे रोप गेले म्हणून त्याने जमिनीला दोष दिला नाही. त्याने बी जपले होते. आज संध्याकाळी घरातील लहान मुलाला जवळ घेऊन शास्त्रातील चार ओळी मराठीतून वाचाव्या. उद्या पुन्हा वाचाव्या. कोंब केव्हा वर येईल ते आपल्या हाती नाही. पेरणे तेवढे आपल्याकडे आहे.