शांतीसाठी फावडे उचलणारा माणूस : पिएर सेरेसोल

आपल्या समाजाला श्रम करणे कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची कामे केली. मेलेली ढोरे ओढली, सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला पोचवले, पाटलाच्या वाड्यापुढे लाकडे फोडली. पण त्यातले एकही काम त्यांनी आपल्या मर्जीने केले नाही. ती वेठ होती. म्हणूनच आज विहारासाठी किंवा वस्तीसाठी श्रमदानाची हाक दिली की काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. पुन्हा फुकट राबायचे काय, असे त्यांना वाटते. त्यांचे वाटणे चुकीचे नाही. ज्यांच्या पाठीवर वेठीचे वळ आहेत त्यांना श्रमदान हा शब्द सहज गोड लागणार नाही. या प्रश्नाचा विचार करताना स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांचे जीवन आपल्या उपयोगी पडेल, म्हणून ते येथे थोडक्यात सांगत आहे.

पिएर सेरेसोल यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७९ रोजी लोझान या शहरात झाला. घराणे मोठे. वडील पॉल सेरेसोल हे वकील आणि न्यायाधीश होते, आणि १८७३ साली त्या देशाचे राष्ट्राध्यक्षही झाले होते. मुलगा हुशार निघाला. झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात तो अभियंता झाला, पुढे जर्मनीत जाऊन त्याने आणखी अभ्यास केला. अशा तरुणापुढे मानाची खुर्ची तयारच असते. पण ती खुर्ची सोडून तो जगाच्या प्रवासाला निघाला. अमेरिकेत आणि हवाई बेटांवर त्याने मिळेल ते काम केले, अंगमेहनतीचेही केले, आणि तेथून तो जपानला गेला. श्रमिकाचे जीवन त्याने पुस्तकात वाचले नाही, स्वतःच्या हातांनी अनुभवले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. सेरेसोल मायदेशी परतले होते. वारशाने आलेला पैसा आपण कमावलेला नाही, तेव्हा तो आपला नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ती सारी रक्कम त्यांनी सरकारला देऊन टाकली. पुढे ते शाळेत शिक्षक झाले.

याच सुमारास एक घटना घडली. जॉन बोद्रा नावाच्या एका प्राथमिक शिक्षकाने सैन्यात जाण्यास नकार दिला. माणसाला मारणे माझ्या श्रद्धेत बसत नाही, अशी त्याची भूमिका होती. १९१५ साली त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. सेरेसोल यांना प्रकृतीमुळे सैन्यातून सूट होती, त्याबद्दल फक्त एक लष्करी कर भरावा लागे. गप्प बसून कर भरला असता तर त्यांना कोणी काही म्हटले नसते. पण एक गरीब शिक्षक तुरुंगात जातो आणि आपण पैसे देऊन मोकळे राहतो, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी कर भरण्याचे नाकारले आणि तुरुंग पत्करला. पुढेही याच कारणासाठी ते अनेकदा तुरुंगात गेले.

येथे तथागतांच्या जीवनातील एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तो विस्ताराने सांगितला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांशी युद्ध करण्याचे ठरवले तेव्हा सिद्धार्थाने एकट्याने विरोध केला. कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी मिळाली तरी ते डगमगले नाहीत. शिक्षा घरच्यांना नको, मला द्या, अशी भूमिका घेऊन त्यांनी गृहत्याग केला. सेरेसोल हे बुद्धाचे उपासक नव्हते. ते ख्रिस्ती होते आणि पुढे १९३६ साली क्वेकर या युद्धविरोधी पंथात सामील झाले. तरीही युद्धाला नकार देऊन त्याची किंमत स्वतः मोजायची, हा मार्ग आपल्या ओळखीचा आहे.

केवळ नकार देऊन शांती येत नाही, हे मात्र सेरेसोल यांनी लवकर ओळखले. सैनिक आपल्या देशासाठी कष्ट उपसतो, जीव धोक्यात घालतो. शांतीची इच्छा करणारा माणूस घरी बसून भाषणे करील तर त्याचे कोण ऐकणार? सैनिकाइतकेच कष्ट त्यानेही केले पाहिजेत, फक्त ते मोडण्याऐवजी बांधण्यासाठी केले पाहिजेत.

ती संधी १९२० साली आली. फ्रान्समध्ये व्हर्डन येथे १९१६ साली सुमारे दहा महिने भयंकर लढाई झाली होती. तोफगोळ्यांनी शेतांची चाळण झाली होती, गावे जमीनदोस्त झाली होती. त्या भागातील एन नावाच्या खेड्यात नोव्हेंबर १९२० मध्ये सेरेसोल मूठभर स्वयंसेवक घेऊन गेले. त्यांत काही जर्मनही होते. ज्या देशाच्या सैन्याशी लढताना ती गावे बेचिराख झाली, त्याच देशाचे तरुण फावडे घेऊन ती उभारायला आले होते. त्यांनी लोकांसाठी लाकडी घरे बांधली, रस्ते दुरुस्त केले. मजुरी कोणी घेतली नाही. सेरेसोल यांचे भाऊ अर्नेस्ट हे सैन्यात कर्नल होते. तेही या कार्यात भावाच्या पाठीशी उभे राहिले. पण युद्धाची जखम ओली होती. जर्मन माणसांची उपस्थिती अधिकाऱ्यांना खपेना, आणि पाच महिन्यांनी काम थांबवावे लागले. पहिला प्रयत्न असा अर्ध्यावर मोडला. तरी त्यातूनच ‘आंतरराष्ट्रीय नागरी सेवा’ ही संघटना जन्माला आली.

सेरेसोल खचले नाहीत. १९२४ साली स्वित्झर्लंडमध्येच हिमकडा कोसळून व पुराने नासलेल्या गावांत त्यांनी शिबिरे भरवली. १९२७ साली ऱ्हाईन नदीच्या पुराने लिक्टेनस्टाईन या चिमुकल्या देशाची शेती दगडगोट्यांखाली गाडली गेली. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, वीसहून अधिक देशांतले सातशेवर स्वयंसेवक तेथे जमले आणि त्यांनी शेतांवरचे दगड व गाळ उपसून जमीन पुन्हा पेरणीजोगी केली. विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक एकाच रांगेत घमेली उचलत होते.

हे १९२८ साल आपणही लक्षात ठेवले पाहिजे. त्याच वर्षी मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यापायी आपल्या माणसांना रात्रंदिवस राबवले जात होते. त्या वेठीतून त्यांना सोडवायचे होते. वतने कायद्याने नष्ट व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे युरोपात माणसे स्वेच्छेने दगड उचलत होती, आणि येथे आपला नेता माणसांच्या डोक्यावरचा सक्तीचा दगड उतरवण्यासाठी झगडत होता. ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. सक्ती गेल्याशिवाय दान होत नाही. ज्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे त्याच्याच होकाराला अर्थ असतो.

सेरेसोल यांचा भारताशीही संबंध आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे मेली. जमिनीतून वाळू आणि पाणी उसळून शेतांवर पसरले. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. सेरेसोल यांना गांधीजींविषयी आदर होता. १९३१ साली गांधीजी स्वित्झर्लंडला गेले तेव्हा लोझानच्या सभेत ते पुढे होते. पण बिहारमध्ये ते पाप शोधायला आले नव्हते. भूकंपाने जमिनीची पातळी बदलली होती, पुराचा धोका वाढला होता. तेव्हा गावे उंच जागी हलवून नव्याने वसवणे हा त्यांचा कार्यक्रम होता. १९३४ ते १९३७ या काळात ते पुन्हा पुन्हा बिहारमध्ये आले. त्यांच्याबरोबर युरोपातले काही सहकारीही मुजफ्फरपूर भागात राबले. दुःखाचे कारण शोधावे आणि ते दूर करावे, ही रीत आपल्याला धम्माने शिकवलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ आणि १९४४ साली, साठी ओलांडलेले सेरेसोल शांतीचे आवाहन करण्यासाठी परवाना नसताना सरहद्द ओलांडून हिटलरच्या जर्मनीत शिरले. त्यापायी त्यांना पुन्हा तुरुंग भोगावा लागला. प्रकृती ढासळली आणि २३ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. सैन्याऐवजी नागरी सेवा करण्याची सोय कायद्यात असावी, ही त्यांची जन्मभराची मागणी होती. त्यांच्या देशात तो कायदा १९९६ साली अमलात आला.

त्यांच्या संघटनेचे स्वयंसेवक पुढे महाराष्ट्रातही आले. १९५० नंतरच्या दशकात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात त्यांनी कुष्ठरोग्यांबरोबर राहून इमारती बांधल्या. तोवर त्या रुग्णांनी पिकवलेली भाजी गावातले लोक विकत घेत नसत. परदेशी तरुण तेथेच जेवतात, तेथेच झोपतात, हे पाहिल्यावर लोकांचे भय हळूहळू ओसरले. विटाळाची भिंत अशीही पडते.

सेरेसोल यांच्या शिबिरांत उणिवा नव्हत्या असे नाही. सुरुवातीला स्त्रियांकडे स्वयंपाक आणि धुणेच सोपवलेले असे. आपण ती रीत उचलण्याचे कारण नाही. वप्रमंगलाच्या दिवशी सिद्धार्थाने स्वतः नांगर धरला होता, विद्वान असून शारीरिक श्रमाचा तिरस्कार केला नव्हता, हे आपण मुलांना सांगतो. मग विहाराच्या कार्यक्रमात पुरुषांनी चुलीपाशी बसायला हरकत कसली?

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमची जात अमुक म्हणून हे काम तुम्हीच करा, असे कोणी सांगितले तर ते काम नाकारा. नाकारताना मान खाली घालू नका. पण वस्तीची विहीर गाळाने भरली असेल, शाळेच्या वाटेवर खड्डे पडले असतील, उघड्या माळावर झाडे लावायची असतील, तर एखादा रविवार ठरवा. सगळ्यांनी मिळून बैठकीत ठरवा, कोणावर बळजबरी करू नका, शेजारच्या वस्तीतल्या इतर समाजाच्या माणसांनाही बोलवा आणि त्यांच्या हाती तेच घमेले द्या. शिकलेल्या मुलांनी सर्वांत आधी यावे. आपल्या वाडवडिलांना नाही म्हणता येत नव्हते, आपल्याला येते. म्हणून आपण उचललेले फावडे वेठीचे नाही, दानाचे आहे.