हंटरवाली : खांद्यावर गडी पेलणारी नायिका

कोल्हापुरात राहून ताकदीचं कौतुक नाही असा माणूस सापडणं कठीण. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली तयार झालेलं खासबाग मैदान आजही शहराच्या मध्यात उभं आहे. पहाटे गंगावेस किंवा मोतीबाग तालमीवरून गेलं की लाल मातीत घुमणारी पोरं दिसतात. पण पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गडीच. बाईची ताकद आपण मानतो ती फक्त देवळात! अंबाबाईच्या हातातल्या गदेला आपण हात जोडतो, आणि होस्टेलच्या मेसमध्ये एखादीने तिसरी भाकरी घेतली की तिची चेष्टा करतो. माझ्या कितीतरी मैत्रिणी व्यायाम करायला घाबरतात. कारण काय, तर दंड पुरुषासारखे होतील!

म्हणून या अंकात मला अशा एका नटीची ओळख करून द्यायची आहे, जिचे दंड बघायला लोक तिकीट काढून रांगेत उभे राहायचे. तेही नव्वद वर्षांपूर्वी. तिचं नाव फिअरलेस नादिया.

नादिया मूळची आपल्याकडची नव्हे. तिचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात झाला. खरं नाव मेरी एव्हन्स. वडील स्कॉटिश, आई ग्रीक. वडील ब्रिटिश सैन्यात होते, त्यामुळे ती लहानपणीच मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले आणि मायलेकी एकट्या पडल्या. पुढे काही वर्षं ती पेशावरच्या बाजूला नातेवाइकांकडे राहिली. तिथे ती घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, डोंगर तुडवले. शिकताना तिला काही नटी व्हायचं नव्हतं. पण पुढे हेच शिक्षण उपयोगी पडलं.

१९२८ च्या सुमारास ती मुंबईला परतली तेव्हा तिच्या पदरात एक लहान मुलगा होता. त्याला आणि आईला सांभाळायचं तर कमवायला हवं. तिने दुकानात विक्रेतीचं काम केलं, टायपिंग शिकलं. अंग जरा जाड होतं, ते उतरावं म्हणून मादाम आस्त्रोवा नावाच्या रशियन बाईंकडे ती बॅले शिकायला लागली, आणि त्यांच्याच नृत्यपथकाबरोबर गावोगाव फिरू लागली. काही काळ झारको सर्कशीतही तिने काम केलं. कोलांट्या, चक्री उड्या, तोल सांभाळणं हे सगळं तिथे रोजच्या सरावातून अंगात मुरलं. नादिया हे नावही याच काळातलं. एका आर्मेनियन भविष्यवाल्या बाईने न अक्षराचं नाव लाभेल असं सांगितलं, म्हणून तिने ते घेतलं.

लाहोरच्या एका थिएटर मॅनेजरने तिची गाठ वाडिया बंधूंशी घालून दिली. थोरले जे. बी. एच. वाडिया आणि धाकटे होमी वाडिया, दोघे पारशी. मुंबईत परळला त्यांची वाडिया मूव्हीटोन ही कंपनी होती. थोरले कायदा शिकलेले, पण वेड सिनेमाचं, त्यातही मारामारीच्या सिनेमाचं. आता विचार करा, समोर उभी होती सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, उंच, भरदार बाई आणि हिंदी अगदीच मोडकंतोडकं! हिला नायिका कशी करायची? नाव बदलून नंदादेवी ठेवावं आणि लांब काळ्या वेणीचा टोप घालावा असं मालकांनी सुचवलं. तिने साफ नकार दिला. मी नंदादेवी नाही, आणि मारामारीत टोप निसटला तर हसं होईल, असं तिचं म्हणणं. नोकरीची गरज असलेल्या बाईने मालकाला असं सांगणं हीसुद्धा हिंमतच नाही का?

आधी दोन चित्रपटांत लहान कामं देऊन तिला पारखलं. मग १९३५ साली होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेला 'हंटरवाली' आला. दुष्ट वजीर राजाला कैद करतो, तेव्हा राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवते, हातात हंटर घेते आणि गोरगरिबांच्या बाजूने लढते, अशी त्याची गोष्ट. हा चित्रपट घ्यायला आधी वितरक तयार नव्हते. बाई चाबूक चालवते, घोडा पळवते, गडी उचलून फेकते, हे कोण बघणार? शेवटी वाडियांनी स्वतःच हिय्या करून तो प्रदर्शित केला. आणि झालं उलटंच! पब्लिक अक्षरशः वेडं झालं. चित्रपट आठवड्यामागून आठवडे चालला. हंटरवालीच्या नावाचे पट्टे, चाबूक, काड्यापेट्या बाजारात आल्या.

पुढच्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल' आला. यात ती सविता नावाची आधुनिक मुलगी आहे. वडिलांवर खुनाचा खोटा आळ येतो, तो पुसण्यासाठी ती टोळीच्या मागे लागते आणि धावत्या रेल्वेच्या टपावर चढून मारामारी करते. मग 'पंजाब मेल', 'डायमंड क्वीन', 'जंगल प्रिन्सेस' अशी रांगच लागली. बहुतेक उड्या, मारामाऱ्या ती स्वतःच करायची. 'जंगल प्रिन्सेस'मध्ये तर तिने खऱ्या सिंहांबरोबर काम केलं. जोडीला असायचा जॉन कावस, तोही शरीरसौष्ठवात नाव काढलेला गडी.

आता थोडं आपल्या अभ्यासाचं! तिची खास ओळख म्हणजे माणसाला उचलून खांद्यावर आडवा घेणं. कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवून चित्रण केलं तर पडद्यावर हाणामारी जलद दिसते, ही युक्ती त्या काळीही माहीत होती. पण कॅमेऱ्याच्या वेगाने सत्तर किलोचा माणूस खांद्यावर जात नाही. उचलला जाणारा गडी थोडं सहकार्य करतो, अंग ताठ धरतो हे खरं. तरीही सुमारे ७०० न्यूटनचा भार पेलायचा असतो, आणि त्याची रेषा आपल्या दोन पावलांच्या मधूनच जायला हवी. जरा इकडेतिकडे झालं की दोघंही आडवे! भार तोलतात ते पाय, कंबर आणि पाठ. तालमीतला वस्ताद पोरांकडून आधी बैठका मारून घेतो त्याचं कारण हेच. नादियाच्या पायांत ती ताकद घोड्याने, बॅलेने आणि सर्कशीने आणली होती. लोकांना कदाचित हे गणित कळत नसेल, पण समोर दिसतंय ते खरं वजन आहे एवढं त्यांना नक्की कळत होतं.

पडद्यावर शूर स्त्री तिच्या आधी आलीच नव्हती असं मात्र नाही. १९२९ साली आपल्याच गावात सुरू झालेल्या प्रभात कंपनीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये, १९३२ साली, दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी झाल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी जिवंत चित्ता बसलेला असायचा. प्रभात पुण्याला गेल्यावर 'अमर ज्योती'त त्याच समुद्रावरची बंडखोर सौदामिनी झाल्या. तो १९३६ सालचा, म्हणजे 'मिस फ्रंटियर मेल'च्याच वर्षीचा. दुर्गाबाईंचा दरारा नजरेत आणि आवाजात होता. नादियाचा सगळा जोर अंगात. मला दोन्ही आवडतात. पण अंगातला जोर बाईने उघडपणे दाखवणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. एक गंमत म्हणजे वाडियांचा परळचा स्टुडिओ पुढे कोल्हापूरच्याच व्ही. शांताराम यांनी घेतला आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. नादियाने जिथे उड्या मारल्या ती जागा अशी आपल्या माणसाकडे आली.

पडद्याबाहेर मात्र ताकदवान बाईला जग इतकं सोपं नव्हतं. १९५० च्या दशकात हमीदा बानू नावाची पैलवान पुरुषांना आव्हान देत फिरत होती. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवलं तेव्हा तिची हुर्यो उडवली गेली, दगड फेकले गेले, असं वाचायला मिळतं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. हंटरवालीसाठी शिट्ट्या आणि हमीदासाठी दगड! पडद्यावरची बाई तीन तासांनी निघून जाते. आखाड्यातली आपल्याच मातीत उभी राहते, म्हणून ती खुपते की काय?

खुद्द नादियालाही घरच्या आखाड्यात थांबावंच लागलं. तिचं आणि होमी वाडियांचं प्रेम होतं, पण होमींच्या आईचा लग्नाला विरोध होता. धावत्या रेल्वेवर उडी घेणारी ही बाई वर्षानुवर्षं थांबली. सासूबाई गेल्यावर १९६१ साली दोघांनी लग्न केलं, तेव्हा तिचं वय होतं त्रेपन्न. होमींनी तिच्या मुलाला दत्तक घेतलं. साठीत पोचल्यावर, १९६८ साली, 'खिलाडी'त ती पुन्हा एकदा मारामारी करताना दिसली. नंतर लोक तिला विसरले. १९९३ मध्ये वाडिया घराण्यातल्याच रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट काढला, तेव्हा नव्या पिढीला ती कळली. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती मुंबईत वारली.

आता 'मेरी कोम' आणि 'दंगल' पाहून आपण टाळ्या वाजवतो. चांगलंच आहे. पण टाळ्या वाजवून झाल्यावर काय? नादियाची ताकद काही वरदानाची नव्हती. पोटासाठी, मुलासाठी, रोजच्या सरावाने तिने ती कमावली होती. म्हणजे ती कुणालाही कमावता येते, मुलगी असली तरी!

माझ्या मैत्रिणींना एवढंच सांगते, तिसरी भाकरी खुशाल घ्या आणि दहा बैठका जास्त मारा. आणि सर लोकांना एक विनंती. मी मेकॅनिकलची. पहिल्या वर्षी लोहारकामाच्या शॉपमध्ये घण मुलांच्या हातात आणि जर्नल मुलींच्या हातात, अशी वाटणी आपोआप होते. यंदाच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना आधी घण द्या. नाही पेलला तर त्या खाली ठेवतील. पण पेलतो की नाही हे त्यांचं त्यांना कळू द्या!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल