शेतकऱ्याच्या पोराने शोधलं पेनिसिलिन, धोकाही त्यानेच सांगितला

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग हे शेतकऱ्याच्या घरचे. ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेल गावाजवळच्या शेतावर त्यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी जहाज कंपनीत चार वर्षे कारकुनी केली. चुलत्याच्या वारशाचे थोडे पैसे हाती आले, तेव्हा कुठे सेंट मेरीज रुग्णालयात डॉक्टरकी शिकता आली.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधील लष्करी दवाखान्यात होते. गोळीतून वाचलेले जवान जखम चिघळून मरताना त्यांनी पाहिले. तेव्हापासून जंतू मारणाऱ्या औषधाचा ध्यास लागला.

सप्टेंबर १९२८. सुट्टीवरून परतल्यावर प्रयोगशाळेतील एका काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली. दुसऱ्या कोणी बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी निरखून पाहिलं, तर बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं. पण ते शुद्ध करणं काही जमेना. ते काम दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या चमूने केलं. १९४१ मध्ये तिथे एक पोलीस शिपाई या औषधाने सुधारू लागला. मात्र औषधच संपलं, दुखणं उलटलं आणि तो दगावला.

१९४५ मध्ये तिघांना मिळून नोबेल मिळालं. त्या भाषणात फ्लेमिंग यांनी धोक्याची घंटा वाजवली. हे औषध उद्या कुणालाही दुकानात मिळेल, लोक मनाने थोडंसंच घेतील, जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. त्यांनी उदाहरणही दिलं. घसा दुखणारा नवरा अपुरं पेनिसिलिन घेतो, सरावलेले जंतू बायकोला लागतात, तिला औषध लागू पडत नाही आणि ती मरते.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग गेले. त्याच वर्षी आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. शोध गावोगाव पोचला, इशारा मात्र वाटेतच राहिला. कमी मात्रेच्या फवारणीतून वाचलेली कीड पुढे औषधाला दाद देत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. तरी ताप उतरला की तिसऱ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात, नाहीतर शेजाऱ्याला दिल्या जातात. डॉक्टरांनी जेवढ्या दिवसांच्या दिल्या तेवढ्या घ्याव्यात, आणि त्यांना न विचारता सुरूच करू नयेत. शेतकऱ्याच्या या पोराचं सांगणं एवढंच होतं.