स्वायत्तता कुणाची? गावाची की माणसाची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे केवळ बलवान केंद्राचे पुरस्कर्ते होते, त्यांना गावाचे स्वराज्य नकोच होते, असा प्रचार आजही केला जातो. बाबासाहेबांचे आयुष्य नीट न वाचणाऱ्यांचा हा उद्योग आहे.

सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे डॉक्टरेटसाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा विषय निवडला. १८३३ च्या कायद्याने प्रांतांची तिजोरी केंद्राच्या ताब्यात कशी गेली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने कशी सैल झाली, याचा इतिहास त्यांनी मांडला. हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. अधिकार एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे असेल तर स्वायत्तता पोकळ ठरते, हे ज्याने तरुणपणीच अभ्यासले, तो विकेंद्रीकरणाचा शत्रू कसा?

पण ग्रंथाबाहेरची स्थानिक सत्ता त्यांनी महाडला पाहिली. मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा आमच्या माणसांवर हल्ले झाले आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! स्थानिक स्वराज्य संस्था होती, तिला अधिकारही होते. पण त्या स्वराज्यात आम्ही कुठे होतो? हक्क मिळायला उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल यावा लागला.

म्हणूनच ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब विरोधात उभे राहिले. अस्पृश्यांना प्रतिनिधित्वाची हमी नसलेल्या आणि वर न्यायदानाचेही अधिकार मिळणाऱ्या पंचायती म्हणजे गावच्या प्रस्थापितांच्या हातात दिलेला दंडुका ठरेल, हे त्यांना दिसत होते. हीच कसोटी त्यांनी संघराज्यालाही लावली. १९३५ च्या कायद्यातील संघराज्यात संस्थानी प्रजेचे प्रतिनिधी प्रजेने निवडायचे नव्हते, ते संस्थानिक नेमणार होते. जानेवारी १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी त्या योजनेची चिरफाड केली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे त्यांनी ठणकावून सांगितले. मात्र त्याच महिन्यात के. संथानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. तेच आजचे कलम ४०. यात विसंगती नाही. मूलभूत हक्कांची भिंत आधी बांधली, मग पंचायतीला दार ठेवले. पुढे १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी उत्तर प्रदेशाचे तीन आणि बिहारचे दोन भाग सुचवले. प्रचंड राज्यांचे वर्चस्व संघराज्याला मारक ठरेल आणि राज्याच्या आतही संख्येने मोठी जात लहान समूहांना दडपेल, हा इशारा त्यांनी दिला. वर्षभरात, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

१९३२ च्या त्या मागणीला संविधानात जागा मिळायला १९९३ साल उजाडले. त्या वर्षी लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, सरपंचपदातही आरक्षण आले. तरीही आरक्षित जागेवर निवडून आलेल्या आमच्या भगिनीच्या नावाने दुसराच कोणी कारभार हाकतो, हे गावोगाव दिसते. दुसरीकडे, मार्च २०२२ पासून मुंबई महापालिकेत तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. वरून सत्ता काढून घेतली तरी आपण गप्प, खालून बळकावली तरी आपण गप्प!

बाबासाहेबांच्या आयुष्याचा धडा सरळ आहे. केंद्राने राज्याला, राज्याने गावाला अधिकार द्यावेत; पण ते गावकुसाबाहेरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचले पाहिजेत. बांधवांनो, पुढच्या ग्रामसभेला जा, प्रश्न विचारा, इतिवृत्तात आपले म्हणणे नोंदवून घ्या. महाडचे तळे ठरावाने खुले झाले नव्हते, पाण्याला हात लावल्याने झाले.

जय भीम!