नाताळची रात्र आणि बाळ येशूची संत तेरेजा

नाताळचा सण जवळ आला म्हणजे घरोघर गव्हाण मांडण्याची लगबग सुरू होते, देवळांत दिवे लागतात, आणि लहानथोर सर्व मध्यरात्रीच्या मिस्सेची वाट पाहूं लागतात. परंतु ज्या घरांतून त्या सालीं कोणी प्रिय माणूस देवाघरीं गेलें असेल, किंवा जेथें कोणी अंथरुणास खिळलें असेल, त्या घरीं हाच आनंद काळजाला बोंचतो. अशा दुःखितांस धीर देणारें एक चरित्र ख्रिस्तसभेनें आपणांपुढें ठेविलें आहे. तें फ्रान्स देशांतील बाळ येशूच्या संत तेरेजेचें होय.

तेरेजेचा जन्म ता. २ जानेवारी १८७३ रोजीं नॉर्मंडी प्रांतांतील आलांसों या गांवीं झाला. बाप ल्युई मार्तिन घड्याळांचा धंदा करी व आई झेली ही नाजूक लेस विणी. दोघेंही मोठीं भाविक. त्यांस नऊ मुलें झालीं. पैकीं चार लहानपणींच वारलीं व पांच मुली राहिल्या. तेरेजा त्यांतील शेंडेफळ. ती साडेचार वर्षांची असतां, ता. २८ ऑगस्ट १८७७ रोजीं, आई स्तनाच्या कर्करोगानें निवर्तली. तेव्हांपासून त्या हसऱ्या पोरीचा स्वभावच पालटला. ती अबोल, भित्री व हळवी झाली. कुटुंब लिझ्यू शहरीं राहावयास गेलें. तेथें पोलीन या वडील बहिणीस तिनें आई मानिलें. तों १८८२ सालीं पोलीनही कार्मेल मठांत गेली. पुढल्याच वर्षीं तेरेजेस असा विलक्षण आजार जडला कीं, घरच्यांस तिच्या जिवाची भीति वाटूं लागली. धन्य कुमारी मरियेच्या मूर्तीपुढें बहिणी प्रार्थना करीत असतां तिला आराम पडला. शरीर बरें झालें, पण हळवेपणा गेला नाहीं. जरा कोणीं कांहीं बोललें कीं रडूं यावें, आणि रडूं आलें याचेंच पुन्हां रडूं यावें. १८८६ च्या ऑक्टोबरांत सर्वांत थोरली बहीण मारी हीही मठांत गेली.

त्याच सालच्या नाताळची गोष्ट. मार्तिन मंडळी मध्यरात्रीची मिस्सा ऐकून घरीं परतली. फ्रान्समध्यें अशी चाल होती कीं, लहान मुलांनीं आपले जोडे चुलाण्यापाशीं ठेवावे व वडिलांनीं त्यांत खाऊ घालावा. तेरेजा आतां चौदाव्या वर्षांत होती, तरी धाकटी म्हणून तिचे जोडे अजून ठेवीत. त्या रात्रीं बाप थकलेला होता. जोडे पाहून तो किंचित् त्रासून बोलला कीं, बरें झालें, हें यंदाचें शेवटचेंच वर्ष. तेरेजा जिना चढत होती. ते शब्द तिच्या कानीं पडले व डोळे भरून आले. बहीण सेलीन हिनें तें पाहिलें आणि एवढ्यांत खालीं जाऊं नको म्हणून तिला विनविलें. परंतु तेरेजेनें आसवें गिळलीं, काळजाची धडधड आवरली, ती खालीं आली आणि जोड्यांतील एकेक वस्तु काढून हर्षानें बापाला दाखवूं लागली. बापाचा त्रास कोठल्या कोठें गेला व तोही हसूं लागला. सेलीनला तर आपण स्वप्नांत आहों असें वाटलें.

बाहेरून पाहतां ही गोष्ट केवढीशी! परंतु साडेचाराव्या वर्षीं हरवलेलें मनाचें बळ त्या रात्रीं देवानें आपणांस परत दिलें, अशी तेरेजेची पुढें जन्मभर खात्री होती. देव बाळ होऊन दुर्बळ झाला, तो आपणांस सबळ करण्यासाठींच, हें तिनें त्या रात्रीं अनुभविलें. स्वतःच्या दुःखाकडे लागलेली तिची दृष्टि दुसऱ्यांच्या दुःखाकडे वळली. १८८७ सालीं पॅरिस शहरीं प्रान्झिनी नामक खुन्यास देहान्त शिक्षा झाली होती. त्याच्या आत्म्यासाठीं तिनें पुष्कळ प्रार्थना केली. आणि वधस्तंभावर त्यानें क्रुसाचें चुंबन घेतलें हें वाचून तिला धन्य वाटलें.

पुढचा नाताळ मात्र असा गोड गेला नाहीं. नाताळपूर्वीं मठांत जावें या इच्छेनें ती बिशपांकडे गेली, रोम येथें पोप तेरावे लिओ यांच्या पायांशीं बसून तिनें विनंती केली; पण नाताळ आला तरी परवानगी आली नाहीं. मध्यरात्रीच्या मिस्सेस ती डोळे पुसतच बसली. घरीं येऊन पाहते तों सेलीननें एक लहानसें गलबत करून त्यांत निजलेला बाळ येशू ठेविला होता. तेरेजेनें त्यांतून बोध घेतला कीं, येशू निजलेला दिसला तरी त्याचें अंतःकरण जागेंच असतें. नववर्षाच्या दिवशीं परवानगीची बातमी आली आणि ता. ९ एप्रिल १८८८ रोजीं, पंधराव्या वर्षीं, ती कार्मेल मठांत गेली.

तेथेंही सुख नव्हतें. १८८९ सालीं तिच्या बापास बुद्धिभ्रंश होऊन कां शहरच्या वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें, आणि मुली मठांत गेल्यानेंच म्हातारा खचला असें लोक बोलूं लागले. हें सारें तिनें मुकाट्यानें सोसलें. १८९४ व १८९५ च्या नाताळांत मठांतील भगिनींस आनंद व्हावा म्हणून तिनें बाळ येशूच्या गव्हाणीवर रचना केल्या. १८९६ च्या पवित्र आठवड्यांत तिला रक्ताची वांती झाली व क्षयरोग दिसून आला. लगेच ईस्टरच्या दिवसांत तिच्या आत्म्यावर घोर अंधार पसरला. स्वर्ग आहे किंवा नाहीं, मरणापुढें कांहीं आहे किंवा शून्यच आहे, असे विचार तिला छळूं लागले. तो अंधार मरेपर्यंत हटला नाहीं. परंतु तिनें प्रेषितांचा विश्वाससंग्रह आपल्या रक्तानें लिहून हृदयाशीं बाळगिला, आणि ज्यांस श्रद्धेचा प्रकाश नाहीं अशांसाठीं हें दुःख देवाला वाहिलें. ता. ३० सप्टेंबर १८९७ रोजीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, देवावरील प्रीति बोलून दाखवीत तिनें प्राण सोडला.

पुढच्या सालीं तिचें आत्मचरित्र छापलें गेलें व तिची कीर्ति जगभर पसरली. १९२५ सालीं पोप अकरावे पायस यांनीं तिला संतपद दिलें व १९२७ सालीं, जिनें मठाची भिंत ओलांडून कधीं मिशनदेश पाहिला नाहीं, तिला संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीनें मिशनांची आश्रयदाती ठरविलें. जुन्या गोव्यांत त्या थोर प्रेषिताच्या अवशेषांपुढें गुडघे टेकणाऱ्या आपणां लोकांस ही जोडी विशेष प्रिय वाटावी. १९९७ सालीं तिला ख्रिस्तसभेची आचार्या ही पदवी मिळाली व २०१५ सालीं तिचे आईबापही संत म्हणून जाहीर झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, तेरेजेला एका नाताळीं बळ मिळालें, दुसऱ्या नाताळीं केवळ अश्रु मिळाले, आणि शेवटच्या नाताळीं, १८९६ सालीं, तर अंधारच मिळाला. तरी तिन्ही वेळां देवाची प्रीति एकच होती. तेव्हां यंदा आपल्या घरीं गव्हाण मांडतांना हात कांपला व डोळे भरून आले, तर देवानें आपणांस टाकिलें असें समजूं नये. तो बेथलेहेमास रात्रींच आला. आपण आसवें पुसून घरांतील दुसऱ्या कोणा दुःखिताकडे हसून पाहावें. त्या रात्रीं जिन्यावर तेरेजेनें केलें तें एवढेंच.